ओल्या ट्रॅकवरचे पिट स्टॉप आणि टीममधलं डावं-उजवं

मोटर रेसिंगमध्ये, मुख्यतः फॉर्म्युला वनमध्ये, पाऊस सुरू असताना किंवा ओला ट्रॅक सुकत असताना टायर बदलायला गाडी कोणत्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) आत बोलवायची हा निर्णय, आणि टीमच्या दोन ड्रायव्हरांपैकी त्या निर्णयाचा फायदा आधी कोणाला द्यायचा हा त्याला चिकटलेला वाद. कोरड्या रेसमध्ये हे दोन विषय बऱ्यापैकी वेगळे ठेवता येतात, पावसात नाही, कारण टीमला पिट बॉक्स (टायर बदलायची जागा) एकच मिळतो, गाड्या दोन असतात आणि टायर बदलायची योग्य वेळ दोघांचीही एकाच लॅपला येते. पुढे सेफ्टी कार येईल ती म्हणजे ट्रॅकवर धोका असताना सगळ्यांचा वेग कमी ठेवायला पुढे चालवली जाणारी गाडी.

टायर आणि क्रॉसओव्हर

पावसासाठी दोन प्रकारचे टायर असतात, हिरव्या पट्टीचा इंटरमीडिएट (सगळे नुसतं इंटर म्हणतात) आणि निळ्या पट्टीचा फुल वेट. पिरेली, म्हणजे २०११ पासूनची एकमेव टायर कंपनी, तिच्या आकड्यांप्रमाणे ताशी ३०० किमी वेगाला एक फुल वेट सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो आणि इंटर साधारण ३०. कागदावर फुल वेट जबरदस्त वाटतो पण प्रत्यक्षात तो फार कमी वापरला जातो, कारण जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा पुढच्या गाडीच्या फवाऱ्यामुळे मागच्याला काही दिसतच नाही आणि रेस सेफ्टी कारच्या मागे चालते नाहीतर थांबवतात. त्यामुळे स्ट्रॅटेजीचा सगळा खेळ इंटर आणि स्लिक (कोरड्या ट्रॅकचा बिनखाचांचा टायर) यांच्यामध्येच होतो.

एका टायरपेक्षा दुसरा फास्ट व्हायला लागतो त्या क्षणाला क्रॉसओव्हर म्हणतात. ढोबळ हिशोब असा की इंटरवरचा लॅप कोरड्या लॅपपेक्षा दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच जास्त वेळ घेत असेल तर स्लिकचा विचार सुरू करायचा. पण हा आकडा ट्रॅकप्रमाणे बदलतो, गाडीप्रमाणे बदलतो, आणि ट्रॅकचा एक कोपरा सुकलेला नि दुसऱ्या टोकाला पाणी साचलेलं असेल तर त्याला काही अर्थच उरत नाही. पिट वॉलकडे (स्ट्रॅटेजी ठरवणाऱ्या टीमच्या लोकांकडे) रडार असतं, सेक्टर टाइम असतात, तरी सगळ्यात विश्वासाची माहिती म्हणजे कोणीतरी मागचा ड्रायव्हर, ज्याचं काही जाणार नाही, तो स्लिक लावून बाहेर पडतो आणि बाकीचे त्याचे आकडे बघत बसतात. पावसाची रेस असली की दोन वेगळे कोरडे टायर वापरायची सक्तीही राहत नाही, म्हणून एकही स्टॉप न करता शेवटपर्यंत जाता येतं; २०२१ ला तुर्कीत ओकॉन असाच इंटरच्या एका सेटवर पूर्ण रेस धावून दहावा आला. त्याच ट्रॅकवर आदल्या वर्षी हॅमिल्टनने झिजून जवळपास गुळगुळीत झालेल्या इंटरवर रेस जिंकून सातवं टायटल घेतलं होतं.

सुरुवात नक्की कधीपासून धरायची

यावर एकमत नाही. एक मत १९६८ च्या रुआँच्या फ्रेंच ग्रां प्रीकडे बोट दाखवतं, तिथे जॅकी इक्सने पावसाचे टायर लावून सुरुवात केली आणि कारकिर्दीतली पहिली रेस जिंकली. पण तो निर्णय रेस सुरू व्हायच्या आधीचा, म्हणजे जुगार म्हणा हवं तर, पिट स्टॉपची स्ट्रॅटेजी म्हणता येणार नाही. दुसरं मत १९७१ चं, त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये स्लिक आले. त्याआधी सगळ्याच टायरला खाचा असायच्या त्यामुळे चुकीच्या टायरवर असलं तरी गाडी कशीबशी चालायची, स्लिक आल्यावर मात्र पाऊस पडला की आत येणं भागच झालं. तांत्रिक कारण म्हणून हे बरोबर आहे.

तरी मोसपोर्टची १९७३ ची कॅनडियन ग्रां प्री हीच खरी सुरुवात मानणं जास्त पटतं. ओल्यात सुरू झालेली रेस, मग ट्रॅक सुकला, सगळे टायर बदलायला आत, त्यात अपघात झाला आणि फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदाच सेफ्टी कार बाहेर काढली ती चुकीच्या गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. कोण पुढे कोण लॅपभर मागे हे कोणालाच कळेना, लॅप मोजणाऱ्यांचे कागद एकमेकांशी जुळेनात आणि पीटर रेव्हसन जिंकला हे बऱ्याच वेळाने ठरलं. म्हणजे पावसातले स्टॉप रेसचा निकाल उलटापालटा करू शकतात हे पहिल्यांदा इतकं उघडं दिसलं, फक्त ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ठरवून करण्याचा काळ नंतरचा, रेडिओ आणि लॅप टायमिंग सुधारल्यावरचा. १९९३ ची डॉनिंग्टनची रेस त्याचं नेहमीचं उदाहरण, तिथे प्रोस्ट सात वेळा आत आला आणि तिसरा आला, आयर्टन सेनाने दुसऱ्या आलेल्या हिलला सोडून सगळ्यांना एक लॅप टाकला. रेसमधला सगळ्यात फास्ट लॅपही सेनाचाच, तो पिट लेनमधून न थांबता सरळ निघून गेला तेव्हा लागलेला, कारण तिथली पिट लेन जवळची पडायची आणि वेगमर्यादा तेव्हा नव्हती.

एक बॉक्स, दोन गाड्या

बहुतेक ट्रॅकवर एका स्टॉपला वीसेक सेकंद जातात, त्यातले टायर बदलण्याचे दोन-तीनच, बाकीचे पिट लेनमधून रांगत जाण्याचे (मर्यादा ताशी ८० किमी, मोनॅकोत ६०). दोन्ही गाड्या एकाच लॅपला बोलावल्या तर मागची पहिलीच्या मागे उभी राहते, याला डबल स्टॅक म्हणतात. दोघांत पाच-सहा सेकंद असतील तर काही बिघडत नाही, पण चिकटून असतील तर मागच्याचा वेळ जातो, आणि त्याला एक लॅप बाहेर ठेवलं तर चुकीच्या टायरवर दहा-पंधरा सेकंद जातात. म्हणजे मागच्याला दोन्हीकडून फटका. २०२४ ला सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनने नॉरिसला आत घेतलं आणि पियास्त्रीला स्लिकवर आणखी एक लॅप बाहेर ठेवलं, तिथेच त्याची रेस गेली. नंतर नॉरिसलाही स्लिकवर परतायला उशीर झाला, जिंकला हॅमिल्टन आणि मॅक्लारेन तिसरी-चौथी.

म्हणून बहुतेक टीमचा नियम असा की जो पुढे आहे त्याला पहिला हक्क. कोरड्यात हा हक्क जवळपास नेहमी फायद्याचा. पावसात तो गळ्यातही पडू शकतो, कारण पहिला जाणारा उंदरासारखा प्रयोगाला जातो आणि मागच्याला त्याचा निकाल फुकटात बघायला मिळतो. लाडक्याला आधी बोलावलं म्हणून ओरडणारे हे विसरतात की पावसात कधीकधी लाडक्याला बाहेर ठेवणं हीच मेहेरबानी असते.

दोघांना वेगवेगळ्या टायरवर पाठवून धोका वाटून घ्यायचा हा आणखी एक मार्ग, पण टीम तो सहसा स्वतःहून घेत नाहीत. १९९७ ला ओल्या मोनॅकोत विल्यम्सने विलनव्ह आणि फ्रेंट्झेन दोघांनाही स्लिकवर सोडलं, दोघेही बुडाले आणि फेरारीचा मायकेल शूमाकर आरामात जिंकला.

पावसातल्या टीम ऑर्डर

टीम ऑर्डर म्हणजे दोघांपैकी कोणी पुढे राहायचं हा टीमचा हुकूम. पहिलं ठळक उदाहरण १९८१ ची ब्राझीलची रेस. विल्यम्सच्या करारात रॉइटेमान दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर होता, तो पावसात पुढे निघाला, मागे टीममेट ॲलन जोन्स, पिटमधून जोन्सचं नाव वर लिहिलेला, म्हणजे त्याला पुढे जाऊ दे असा, बोर्ड दाखवला गेला आणि रॉइटेमानने तो सरळ दुर्लक्षित करून रेस जिंकली. त्याच रेसमध्ये पोलवर (सुरुवातीच्या पहिल्या जागेवर) असलेला पिके पावसात स्लिक लावून सुरू झाला आणि बारावा आला, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. वर्षाच्या शेवटी पिके ५०, रॉइटेमान ४९, जोन्स ४६. रॉइटेमानने बोर्ड मानला असता तर जोन्सचे ४९ झाले असते, टायटल तरी पिकेकडेच गेलं असतं, म्हणजे ज्या ऑर्डरवरून दोघांचे संबंध बिघडले ती हिशोबात काही बदलणारी नव्हती.

१९९८ ला स्पाच्या मुसळधार पावसात सुरुवातीच्याच ढिगाऱ्यात डझनभर गाड्या आदळल्या. शेवटी जॉर्डनच्या दोन गाड्या पुढे उरल्या, डेमन हिल आणि मागे राल्फ शूमाकर. हिलने रेडिओवर सांगितलं की आम्ही दोघं भिडलो तर हातात काहीच राहणार नाही, टीमने राल्फला मागे थांबवलं आणि जॉर्डनला पहिला विजय पहिल्या-दुसऱ्या नंबरासकट मिळाला. लाडका-दोडका म्हणण्यापेक्षा हे भीतीपोटी केलेलं म्हणायला हवं, ओल्या ट्रॅकवर टीममेट एकमेकांवर आदळण्याची शक्यता वाढते हे कारण तेव्हापासून आजपर्यंत पुढे केलं जातं.

सगळ्यात जास्त वाद १९९९ च्या नुरबर्गरिंगचा. शूमाकरचा पाय मोडल्यामुळे फेरारीचा अर्व्हाइन अचानक टायटलच्या शर्यतीत आलेला. पाऊस येत-जात होता, टीममेट सालो तुटलेलं विंग बदलायला अवेळी आत आला, त्याच्या पाठोपाठ अर्व्हाइन, त्याचे टायर ओले की कोरडे हे शेवटच्या क्षणी बदललं आणि गाडी जॅकवर उचलल्यावर लक्षात आलं की मागचा उजवा टायरच नाहीये. मेकॅनिक धावत शोधायला गेले. अर्व्हाइन सातवा आला (पॉइंट तेव्हा पहिल्या सहांनाच) आणि टायटल दोन पॉइंटने हॅकिनेनकडे गेलं. एक मत असं की फेरारीला १९७९ नंतरचं पहिलं ड्रायव्हर टायटल शूमाकरच्याच हातून हवं होतं म्हणून हे झालं. दुसरं मत निव्वळ गोंधळाचं, आणि ते जास्त सयुक्तिक वाटतं, कारण पुढे मलेशियात परत आलेल्या शूमाकरने अर्व्हाइनला जिंकायला उघड मदत केली. शिवाय त्याच दिवशी नुरबर्गरिंगला मॅक्लारेनने हॅकिनेनला खूप लवकर ओल्या टायरसाठी बोलावून त्याची रेस घालवली होती आणि स्लिकवर बाहेर ठेवलेला कुल्टहार्ड आघाडीवर गेला होता (मग तोही घसरून रेसबाहेर गेला). याला मात्र कोणी कट म्हणत नाही.

२००२ ला ऑस्ट्रियात फेरारीने पुढे असलेल्या बॅरिकेलोला शेवटी शूमाकरला जाऊ द्यायला लावलं, त्या प्रकारानंतर निकालावर परिणाम करणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी आली, ती २०१० पर्यंत टिकली आणि २०११ पासून काढली. ते दिवस सांकेतिक बोलण्याचे. बंदी उठल्यावर २०१३ ला सेपांगला रेस इंटरवर सुरू झाली, रेड बुलचा पोलवरचा व्हेटेल पाचव्या लॅपला स्लिकसाठी आत गेला, ट्रॅक अजून ओला होता, टीममेट वेबर दोन लॅप थांबून आला आणि पुढे निघाला. शेवटच्या स्टॉपनंतर आहे त्या क्रमाने राहा असा ‘मल्टी २१’ हा कोड आला आणि व्हेटेलने तो धुडकावून रेस घेतली. लिहिणारे सगळे या कोडवर लिहितात, पण वाद मुळात निर्माण झाला तो पाचव्या लॅपच्या घाईतून. मागे मर्सिडीजमध्ये रोजबर्गला हॅमिल्टनच्या मागे थांबवलं होतं आणि तो थांबला.

अलीकडचं

२०२२ ला मोनॅकोत लेक्लेर पोलवरून चौथा आला. पेरेझ १६ व्या लॅपला इंटरवर गेला, लेक्लेर १८ व्या लॅपला, तोवर पेरेझ पुढे. मग २१ व्या लॅपला फेरारीने फुल वेटवरच्या साइन्झला आणि लेक्लेरला एकामागे एक बोलावलं, बाहेर थांब हा मेसेज येईपर्यंत लेक्लेर पिट लेनमध्ये शिरलेला. साइन्झ दुसरा आला म्हणून त्याला झुकतं माप मिळालं असं बोललं गेलं, पण इंटर नको, थेट स्लिकवरच येतो हे साइन्झने स्वतः रेडिओवर ठरवलं होतं.

२०२४ ला ब्राझीलमध्ये नॉरिस आणि रसेल आत येऊन गेले आणि मग रेड फ्लॅग लागला (रेस थांबवली), बाहेर राहिलेल्या व्हर्स्टापेन, ओकॉन आणि गॅस्ली यांना टायर फुकटात बदलता आले. व्हर्स्टापेन सतराव्या जागेवरून जिंकला.

२०२५ चं मॅक्लारेन हे या नोंदीसाठी तयार उदाहरण. मेलबर्नला पियास्त्रीला काही लॅप नॉरिसच्या मागे थांबायला सांगितलं, मग मोकळं सोडलं, ४४ व्या लॅपला पाऊस परत आला आणि दोघेही घसरले, नॉरिस सावरून लगेच आत गेला नि जिंकला, पियास्त्री गवतात अडकून नववा. सिल्व्हरस्टोनला सेफ्टी कारच्या मागे ब्रेक मारल्याबद्दल पियास्त्रीला दहा सेकंदांची शिक्षा झाली, ती पिट स्टॉपमध्ये भरल्यावर नॉरिस पुढे गेला, जागा परत बदला ही पियास्त्रीची विनंती टीमने मानली नाही. स्पाला उलट, पियास्त्री पुढे होता म्हणून १२ व्या लॅपला आधी तोच आत, नॉरिस एक लॅप नंतर, मग नॉरिसने हार्ड टायर घेऊन वेगळा डाव टाकला पण पुरला नाही. तिन्ही मिळून पाहिलं तर एकाच्या बाजूचा कल सिद्ध होत नाही.

इतर रेसिंग

मोटोजीपीत टायर नाही, अख्खी बाइकच बदलतात. हा नियम २००५ ला आला आणि प्रत्यक्ष पहिल्यांदा २००६ ला फिलिप आयलंडला वापरला गेला. प्रत्येक रायडरची दुसरी बाइक नि मेकॅनिक वेगळे असल्याने टीममेटच्या मागे ताटकळण्याचा प्रश्न तिथे येत नाही, लवकर जाण्याचं धाडस मात्र तेच, २०१६ ला साक्सनरिंगला मार्केझने त्यावरच रेस घेतली. ऑर्डर तिथेही असतात. २०१७ ला सेपांगच्या पावसात पुढे असलेल्या लोरेंझोच्या डॅशबोर्डवर ‘मॅपिंग ८’ सुचवणारा मेसेज झळकला (टीममेटला पुढे जाऊ दे असा तो सांकेतिक इशारा मानला गेला), थोड्या वेळाने तो शेवटच्या कॉर्नरला बाहेर गेला आणि टायटलच्या शर्यतीतला टीममेट डोविझिओसो पुढे निघून जिंकला.