पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही
तलावपाळीवर रोज फिरायला येणारे आमचे एक काका दर पावसाळ्यात तोच मेसेज पाठवतात: ‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो.’ नाही देत, काका. पानात पाण्याचा रेणू फुटतो तेव्हा ऑक्सिजन सुटतो, आणि त्याला उजेड लागतो. कट्ट्यावरच्या दिव्याचा पुरत नाही. अंधार पडला की पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. कोरफड, निवडुंग रात्री पानाखोडांवरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात. घोळ बहुधा तिथलाच. पण ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच. पण झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून त्यांच्याखाली कोणी गुदमरतं, हेही खोटंच. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. खोलीतल्या कुंडीपेक्षा शेजारी घोरणारा माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.