काळा रंग एकटा नसतो: रंग वेगळे करण्याच्या प्रयोगाची माहिती

(प्रयोगाच्या पाकिटासोबत. वय ७ वर्षं आणि पुढे. शेजारी एक मोठं माणूस हवं.)

नमस्कार,

पाकिटात गाळणकागदाच्या १२ पट्ट्या आणि काळा, तपकिरी, हिरवा, जांभळा अशी चार स्केचपेनं आहेत. काचेचा पेला, पाणी, पेन्सिल, मोजपट्टी आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा घरातलाच घ्यायचा. खाली जुना पेपर अंथरा आणि शाळेचा गणवेश बदलून मगच बसा. एका पट्टीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यातला बहुतेक वेळ नुसतं बघत बसायचं असतं, आणि आमच्या मते खरा प्रयोग तोच. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा.

काय करायचं

पट्टीच्या खालच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा. पेन्सिलीनेच मारायची. तिचं टोक ग्राफाइटचं असतं आणि ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. स्केचपेनाने मारली तर रेघच रंगांबरोबर वर चालू लागते. रेघेच्या मधोमध काळ्या स्केचपेनाचा ठिपका द्या, मुगाच्या डाळीएवढा. वाळू द्या. त्याच जागी पुन्हा द्या, पुन्हा वाळू द्या. असं तीनदा. लहान आणि गडद ठिपक्याचे रंग स्पष्ट निघतात, पसरट ठिपक्याचे एकमेकांत मिसळतात.

पेल्यात १ सेंटीमीटर पाणी घ्या. पट्टीचं वरचं टोक चिमट्यात धरा आणि चिमटा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवा. कागदाचं टोक पाण्यात हवं, ठिपका पाण्याच्या वर.

पट्टी सोडण्याआधी मुलाला विचारा, "यातून काय निघेल?" उत्तर वहीत लिहून ठेवा. बहुतेक मुलं "काळाच!" म्हणतात.

सुरुवातीला काही घडत नाहीसं वाटतं. मग ओली कड ठिपक्याला टेकते. ठिपक्याची वरची बाजू जरा फुगल्यासारखी दिसते आणि काळ्याच्या डोक्यावर निळसर छटा उठते. ती वर सरकत असताना तिच्याखाली गुलाबी रंग सुटा होतो आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी पिवळा दिसू लागतो. ठिपका मात्र करडा, मग फिका होत जातो. पाणी वरच्या टोकापासून बोटभर खाली असतानाच पट्टी काढा आणि पाणी पोचलं तिथे लगेच पेन्सिलीने खूण करा. वाळल्यावर ती कड सापडत नाही.

असं का होतं

दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच कागदाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. पाणी वाटेत ठिपक्यातले रंग उचलतं, पण सगळे रंग सारखे नसतात. बाजारातून दोघं निघाले, एक सरळ चालत राहिला आणि दुसरा दर दुकानापाशी रेंगाळला, तर थोड्या वेळाने दोघांत अंतर पडतंच. पाण्यात सहज विरघळणारा रंग पुढे जातो, कागदाला चिकटून राहणारा मागे पडतो. या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी किंवा रंजकद्रव्य पृथक्करण पद्धती म्हणतात.

मोठ्या मुलांनी मोजमापही करावं. पेन्सिलीच्या रेघेपासून रंग किती वर गेला ते मोजा आणि त्याच रेघेपासून पाणी जितकं वर गेलं त्याने भागा. पाणी ८ सेंटीमीटर आणि निळा ६ सेंटीमीटर गेला, तर उत्तर ०.७५. त्याच पेनाची, तसल्याच कागदाची दुसरी पट्टी केली की उत्तर जवळपास तेच येतं. हे पहिल्यांदा जुळलं की मुलं खूश होतात, म्हणून दोन पट्ट्या नक्की करा.

"आमचे रंग निघालेच नाहीत"

दुकानात असं सांगत येणाऱ्यांचा ठिपका बहुतेक वेळा पाण्यात बुडालेला असतो. मग रंग वर चढण्याऐवजी पेल्यात उतरतात. दुसरं कारण म्हणजे घरातलं दुसरं पेन. परमनंट मार्कर आणि बॉलपेनची शाई पाण्याला दाद देत नाही, तिथे पाण्याऐवजी स्पिरिट लागतं. बऱ्याच जेल पेनांमध्ये न विरघळणारे कण असतात, ते जागचे हलत नाहीत. पिवळं स्केचपेन बहुधा पिवळंच राहतं. तो रंग एकटाच असतो, तुमचं काही चुकलेलं नाही.

स्पिरिट वापरायचं तर मोठ्यांनीच ओतायचं. खिडकी उघडी हवी आणि जवळ गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती काही पेटलेलं नको. पेल्यावर बशी झाका.

पाकीट संपल्यावर

रंगीत चॉकलेट गोळ्यांवर पाण्याचा थेंब टाका, सुटलेला रंग टूथपिकने पट्टीवर घ्या आणि पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर मीठ घाला. हिरव्या गोळीतून बहुधा पिवळा आणि निळा निघतो.

आम्हाला सगळ्यांत आवडतो तो पालक. दोन-तीन पानं खलात ठेचा, थोडं स्पिरिट घालून तासभर झाकून ठेवा आणि त्या हिरव्या पाण्यात पट्टीचं टोक सोडा. हिरव्याच्या कडेला पुसट पिवळं दिसेल. ते पानात आधीपासूनच असतं, हिरव्याखाली झाकलेलं. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले हेच रंग खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून वेगळे केले आणि १९०६ साली पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंग! पुढे या पद्धतीतल्या कामासाठी मार्टिन आणि सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. औषधांची शुद्धता तपासायला प्रयोगशाळांत आजही तिचीच सुधारलेली रूपं वापरतात.

वाळलेल्या पट्ट्या वहीत चिकटवा आणि खाली पेनाचं नाव व तारीख लिहा. उन्हात ठेवू नका, गुलाबी लवकर उडतो. गाळणकागद आमच्याकडे सुटाही मिळतो. एखादी पट्टी जमली नाही तर ती आणि ते पेन दुकानात घेऊन या, काउंटरवर पेला तयार असतो.