काळा मॅट रंग म्हणजे फळा नव्हे

मुलांच्या खोलीतल्या भिंतीवर कोणताही काळा, बिनचमकीचा रंग दिला की फळा तयार होतो, हा समज अनेक वर्षे टिकून आहे आणि त्यापायी चांगल्या भिंती खराब होतात, म्हणून हा खुलासा.

खडूची रेघ उमटते ती काळेपणामुळे नव्हे, तर पृष्ठभाग कठीण आणि किंचित खरखरीत असल्यामुळे. अशा पृष्ठभागावर खडू झिजतो आणि त्याची भुकटी तिथे अडकते. फळ्याच्या रंगात त्यासाठीच बारीक खनिज पूड मिसळलेली असते, आणि म्हणूनच हिरवा किंवा निळा फळाही तितकाच चालतो. भिंतीचे साधे मॅट इमल्शन मात्र मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे भुकटी आत मुरते, जुनी अक्षरे पुसट दिसत राहतात आणि ओल्या फडक्याने जोर लावल्यास रंगच निघू लागतो.

रंग हाताला सुकला की लगेच लिहिता येते, हेही खरे नाही. तो पुरता कडक व्हायला साधारण 3 दिवस लागतात. त्यानंतर खडू आडवा धरून सगळ्या भिंतीवर घासावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा; ही पायरी गाळल्यास पहिलीच अक्षरे कायमची उमटून राहण्याची शक्यता असते. ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र हा खटाटोप करूच नये, कारण तिथे पोपडे धरणारच.