ठसका थांबला म्हणजे वस्तू पोटात गेली, असं नाही

दातांवर उपचार करताना डॉक्टरच्या हातातून फाइल (रूट कॅनल साफ करण्याचं सुईसारखं बारीक अवजार) निसटते, घशात दिसेनाशी होते, पेशंट दोनदा ठसकतो आणि शांत होतो. मग हमखास ऐकू येतं, "गिळली असेल, शौचावाटे निघून जाईल." गिळणं आणि श्वासमार्गात जाणं यांतला फरक ठसक्यावरून कळत नाही, तरी तो तसाच ठरवला जातो.

गिळण्याचं गणित बहुतेकांना ठाऊक आहे. जठरात पोचलेला क्राउन (दातावरची टोपी) बहुधा आठवडाभरात, क्वचित चार आठवड्यांनी बाहेर पडतो. मात्र फाइल, बर (ड्रिलचं टोक), क्लॅम्प (दाताला पकडणारी धातूची पकड) अशा टोकदार वस्तूंना हा दिलासा लावू नका. त्या अन्ननलिकेत अडकल्या असतील तर तातडीने, जठरात असतील तर शक्यतो 24 तासांच्या आत एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढतात. जुलाबाचं किंवा उलटीचं औषध देऊच नये.

खरा घोळ श्वासमार्गाचा. स्वरयंत्रातून आत शिरताना जोराचा ठसका लागतो, हे खरं. पण वस्तू खाली ब्राँकसमध्ये (फुप्फुसात जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीत) जाऊन बसली की तो ओसरतो. उजवा ब्राँकस डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा असल्याने ती बहुधा तिथेच जाते. 25 मिलिमीटरच्या बारीक फाइलच्या बाजूने हवा ये-जा करत राहते, ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन 98 टक्के दाखवतो, पेशंट म्हणतो, "आता बरं वाटतंय." ही शांतता काही तास टिकते, कधी काही आठवडे. नंतर ताप येतो, एकाच बाजूचा न्यूमोनिया होतो, फुप्फुसाचा भाग मिटतो. तोवर वस्तूभोवती सूज आणि नवं मांसल आवरण वाढलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी सोपी असलेली ब्राँकोस्कोपी (श्वासमार्गात दुर्बीण घालून वस्तू काढणं) अवघड होऊन बसते. सेडेशन (गुंगीचं औषध) दिलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या पेशंटला तर सुरुवातीचा ठसकाही न लागण्याची शक्यता असते. उलट, अन्ननलिकेत अडकलेली वस्तू पुढच्या श्वासनलिकेवर दाब देऊन खोकला आणू शकते. म्हणजे लक्षणं दोन्हीकडून फसवतात.

म्हणून वस्तू हाती लागली नाही तर त्याच दिवशी मान, छाती आणि पोटाचा एक्स-रे, पेशंट कितीही ठणठणीत दिसो. छातीचा समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत. मध्यरेषेवरची फाइल पुढच्या श्वासनलिकेत आहे की मागच्या अन्ननलिकेत, हे बाजूच्या चित्रातच उलगडतं. तशीच दुसरी फाइल पाकिटात घालून सोबत द्या, म्हणजे काय शोधायचं ते समोर राहतं. कवळीचं साधं अॅक्रिलिक (प्लास्टिक) एक्स-रेत दिसत नाही. कवळीचा तुकडा हरवला असेल तर कोरा एक्स-रे पाहून निश्चिंत होऊ नका, पुढची तपासणी करून घ्या. आणि पेशंटपुढे पाण्याचा ग्लास धरण्याची सवय कृपा करून सोडा. ब्राँकोस्कोपी किंवा एंडोस्कोपी लागली तर पोट रिकामं हवं.

पहिल्या काही सेकंदांत पेशंटला ताडकन उठवून बसवणं ही दुसरी चूक. बसताच वस्तू घशातून खाली घसरते. डोकं एका बाजूला वळवा, खुर्चीचा डोक्याकडचा भाग खाली करा, दिसत असेल तरच चिमट्याने किंवा मोठ्या सक्शनने काढा. बोट घालून चाचपडू नका. जोराने खोकत असेल तर पुढे झुकून खोकू द्या. आवाज निघत नसेल, खोकताही येत नसेल, तर अँब्युलन्स बोलवायला सांगून पाठीवर 5 थापा, मग पोटावर 5 दाब, आलटून पालटून. शुद्ध हरपली तर सीपीआर (छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास).

प्रतिबंधाचं सांगून सगळे दमलेत. रबर डॅम (दाताभोवती क्लॅम्पने ताणून बसवायचा रबरी पडदा) लावा, विषय संपला. फक्त एक बारकावा: क्लॅम्पला फ्लॉस (दोरा) बांधताना तो दोन्ही भोकांतून ओवा. क्लॅम्प बहुधा मधल्या कमानीत तुटतो, आणि एकाच भोकात फ्लॉस असेल तर उरलेला अर्धा मोकळाच घशाकडे जातो. क्राउन बसवून पाहताना डॅम नसतो, तेव्हा मोठा गॉज (जाळीदार कापड) उलगडून घशापुढे पडद्यासारखा पसरा. लहान घडी ठेवू नका, तीच गिळली जाते.

एक्स-रे येईपर्यंत केसपेपरवर 'गिळलं' असं लिहू नका. 'वस्तू सापडली नाही, जागा अनिश्चित' असं लिहा, वेळ नोंदवा आणि पेशंटलाही त्याच शब्दांत सांगा.