मुलांचा ग्रंथालय-परिचय (मुंबई)

ग्रंथालयातले पुस्तक स्वतः शोधावे, चाळून निवडावे, घरी न्यावे, मुदतीत परत करावे आणि या साऱ्याची गोडी लागावी, यासाठी मुलांना दिले जाणारे मार्गदर्शन. शाळेचे ग्रंथपाल, वाचनालयांचे बालविभाग आणि पालक ते करतात. शाळेत त्यासाठी तासिका असते. परीक्षा जवळ आली की बहुधा तीच पहिली गणिताकडे जाते.

एशियाटिक सोसायटी (१८०४) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या संस्थांमुळे मुंबईची ग्रंथालय-परंपरा जुनी आहे, पण ती मुख्यतः प्रौढ वाचकांची. शिवाय घरे लहान असल्याने अनेक वाचनालयांची अभ्यासिका झाली. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना शांतता हवी असते, तर सहा वर्षांच्या मुलाला चित्र दिसले की ते मोठ्याने सांगायचे असते. बालविभागाला वेगळी खोली, निदान वेगळी वेळ असावी ती यासाठी.

परिचयाची सुरुवात नियमांच्या पाटीपासून करण्याची पद्धत रूढ आहे. ती फारशी उपयोगाची नाही. ‘पुस्तके वापरासाठी आहेत’ हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या पाच ग्रंथालय-सूत्रांतले (१९३१) पहिले सूत्र. कुलूपबंद कपाटाच्या काचेतून मूल पुस्तकाचा फक्त कणा (शिवणीकडची कड) पाहू शकते. मुक्तद्वार, म्हणजे उघड्या कपाटांच्या पद्धतीत ते स्वतः पुस्तक काढते, दोन पाने वाचते, नको असल्यास बाजूला ठेवते. नापसंतीची ही मुभा दिल्याशिवाय निवड शिकवता येत नाही.

शोध शिकवताना खरा प्रश्न हाती असावा. शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहून आलेल्या मुलीला त्यांची माहिती हवी आहे. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात (१८७६) प्रत्येक विषयाला अंक असतो: ५०० हा अंक विज्ञानाचा, ५९० प्राण्यांचा, ५९८ पक्ष्यांचा. कण्यावरच्या चिठ्ठ्या वाचत ती ५९८ पाशी पोहोचते आणि शेजारीच घुबडांचे पुस्तक सापडले तर रोहित विसरते. असे विसरणे चालू द्यावे. अनेक मराठी वाचनालयांत मात्र कथा, कादंबरी, चरित्र, बालवाङ्मय अशी ढोबळ विभागणी आणि दाखल क्रमांकानुसार, म्हणजे पुस्तके ग्रंथालयात आली त्या क्रमाने मांडणी असते. तिथे अंकावरून विषय कळत नाही. यादी पाहायला किंवा थेट ग्रंथपालांना विचारायला शिकवावे लागते. लाजऱ्या मुलांना हे विचारणेच अवघड जाते, म्हणून पहिल्यांदा पालकाने सोबत उभे राहावे, प्रश्न मात्र मुलानेच विचारावा.

बालसभासदत्वासाठी सहसा पालकाची सही, अनामत आणि वर्गणी लागते. परतीची तारीख मुलालाच वाचायला लावतात. पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून न्यावे. पान फाटले तर घरी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागद खराब करतो. फाटलेले पान तसेच ग्रंथपालांना दाखवावे.