पुराची मदत: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापूरकरांना पाठ असतं. ३९ची बातमी आली की जनावरं वर हलवतात, तसेच कागदही हलवावेत: आधार, बँकेचं पासबुक, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, सातबारा. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. स्थलांतराची नोटीस आली की ४३ची वाट न बघता निघा. अडकलात तर जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर.

अर्ज कुठे करायचा?

पाणी ओसरल्यावर सगळ्यांचा हाच प्रश्न. ही मदत अर्जाने नव्हे, पंचनाम्याने सुरू होते. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात येऊन पंचनामे करतात. त्या दिवशी घरातलं कोणीतरी हजर हवंच. पथक येण्याआधी चिखल काढावाच लागतो, वासात कोण राहणार? पण आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेला भाग आणि भिजलेलं सामान यांचे फोटो घ्या, एका तरी फोटोत घर क्रमांक दिसू द्या. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’ या दोन शब्दांत लाखाच्या वर फरक पडतो.

किती आणि कोणाला

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. किमान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००, मात्र घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात असावं. दोन दिवसांची ही अट राज्य शासन अनेकदा शिथिल करतं आणि रकमाही वाढवतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय बघावा. घराची मदत मालकाला मिळते. भाडेकरूने कपडे-भांड्यांसाठी आपलं नाव लावून घ्यावं, त्यासाठी भाडेकरार किंवा वीजबिल जवळ ठेवावं.

पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. गाय-म्हैस दगावली तर ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००. मेलेलं जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय पुरू नका. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या १२ आकडी क्रमांकाचा फोटो पूर येण्याआधीच काढलेला बरा, जनावर वाहून गेलं तर बिल्लाही जातो.

माणूस दगावल्यास वारसांना ४ लाख. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात.

कागदांत अडतं ते इथे

घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ लागतो. आठ-अ म्हणजे जमिनीचा खाते उतारा, तो घेऊन गेलात तर हेलपाटा ठरलेला. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावाभावांत बोलणं नसेल तर पैसे इथेच अडकून पडतात.

मग मदतीच्या याद्या जाहीर होतात. शेतकऱ्याच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. तो आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करायची. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे खातं चालू आहे ना, हे बँकेत आधीच विचारून घ्या.

यादीत नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या टेबलापर्यंत जात नाही. पीक विमा मात्र यात येत नाही, त्याचा दावा विमा योजनेच्या नियमांप्रमाणे वेगळा चालतो.