‘आय’पुढे शॅल, बाकीच्यांपुढे विल?

इंग्रजीत भविष्यकाळ सांगताना ‘आय’ आणि ‘वुई’पुढे शॅल, बाकी सगळ्यांपुढे विल, हा नियम आपल्याकडे अजून पाठ करून घेतात. तो सगळ्याच इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बोलण्याला धरून नाही. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला आणि पुढच्या व्याकरणकारांनी उचलून धरला. (अनंताचं ∞ हे चिन्हही त्याचंच, ते मात्र खरोखर कामाचं.) स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिकेत ‘आय विल’ सर्रास चालत आलंय, आता इंग्लंडातही. शॅल मुख्यतः उरलंय ते ‘शॅल वुई गो?’ अशा विचारणेत आणि कायद्यात. राज्यघटनेचं कलम ५२ पाहा: ‘देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया’. इथे भविष्य वर्तवलेलं नाही, राष्ट्रपती असलाच पाहिजे असं बंधन घातलंय.